तांबड्या शब्दाचं मूळ

हॅलो?… हाव, बोल सुकन्या… देगलूरलाच हाय, घरी. बोल ना.

लातूरचं चर्चासत्र लई छान झालं?… हाव, कळलं मला. आपल्या वर्गातल्या रविकिरणनं तुझ्या निबंधाच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवले… वाचला. दोनदा वाचला.

अगं थांब… थांब ना, आधी माझं ऐक. 'तांबडा या विशेषणाचं मूळ रूप, इटलीच्या जुन्या भाषांतून'. तीन वर्षं मी हेच करून राहिले ना?… मग खाली तुझ्या एकटीचं नाव कसं?

…घाई झाली? नाव टाकायला किती वेळ लागतो गं?… काय? 'पंचशीला, पुढच्या वेळी तुझं'?

…हाव, टाइप तू केलंस. मीच दिली माझी टिपणांची वही तुला, विश्वासानं. पर ती ओळ बी तशीच ठेवलीस? 'माझी आई बाजारात मिरच्या विकते. गिऱ्हाईक बघून तांबडी म्हणते, कानडीत केंपु म्हणते, तेलुगूत एर्र म्हणते. तिथून मला हा नाद लागला.'… तुझी आई शाळेत शिकवते, सुकन्या! ती कवा बसली बाजारात?

…टाळ्या? त्या ओळीला?…



बरं, फोन कशाला केलास?… माफीचं राहू दे, खरं सांग… निबंध छापणाऱ्या संपादकांचा प्रश्न आला? उद्यापर्यंत उत्तर? वाच…

'तांबड्याला लॅटिनमध्ये रुबर, ब आहे. इटलीच्याच दुसऱ्या जुन्या भाषेत, उंब्रियनमध्ये, रुफ्रु, फ आहे. मग दोघींच्या मूळ शब्दात तुम्ही थ कुठून आणला?'… अन् तुला येईना.

…सांगते. संस्कृतात रुधिर, ग्रीकात तांबड्याला एरुथ्रोस. तिथं ध अन् थ टिकले. इटलीत तो आवाज आधी थ झाला, मग त्याचा एकीकडं ब झाला, दुसरीकडं फ… हाव, एवढंच.

…उपकार कसले? ऐक. तो प्रश्न संपादकांना मीच पाठवला. वहीच्या पानांचे फोटो बी पाठवले, तारखांसकट. म्हणलं, एवढं एक तिला विचारा…

…फसवलं? मी?… सुकन्या, उत्तर तुझ्याच निबंधात हाय. चौथ्या पानावर. तूच टाइप केलेलं…

…आता रडू नको. त्यांना काय सांगायचं ते तूच सांग…

न्हाई गं, राग न्हाई… मला वाटलं होतं, टाइप करता करता तू वाचलं तरी असशील.

…ठेवते.