ॲज यू थिंक, सर

(पुलगाव, १९५७. रविवारची दुपार. डेपोतला हमाल प्रेमदास, मॅट्रिकला बसलेली त्याची लेक मीरा, आणि चुलीपाशी बायको यशोदा.)

मीरा : डू नाई बाबा, मेक! मेक अप माय माइंड. सकाळपासून सांगून राह्यली मी.

प्रेमदास : पन काऊन? मन कायले बनवा लागते? मन त राह्यतेच माणसाजवळ.

मीरा : मन पक्कं करणं, असा अर्थ आहे त्याचा.

प्रेमदास : मंग पक्कं करा म्हणा न सिद्धं. एवढं मोठं राज्य करून गेले लोक, अन् पक्क्याले शब्द नाई?

यशोदा : राज्य गेलं त्यायचं, माझ्या घरातला गोंगाट नाई गेला. अवो, पोरगी म्हणते तसं म्हणा न!

मीरा : हे पाहा. आपल्याले थंडी वाजते. काऊन वाजते? घंटी आहे का ते? ताप चढते. झोप लागते. कोनी विचारते का, काऊन लागते म्हणून? शब्दायच्या जोड्या ठरलेल्या राह्यतात. तुमी गाडी हाकत होते न? धवळ्यासंगं कोनता बैल जुंपत होते?

प्रेमदास : पवळ्या. दुसरा लावला का धवळ्या जागचा हालत नव्हता.

मीरा : मंग! माइंडसंगं मेक अप. कन्क्लूजनसंगं कम टू. थॉटसंगं गिव्ह.

प्रेमदास : असं सांग न मंग! सकाळपासून वही काऊन आपटून राह्यली? मेक अप माय माइंड, मन पक्कं केलं. कम टू अ कन्क्लूजन, विचार करून ठरवलं. गिव्ह इट अ थॉट, जरा विचार करा. बेअर इन माइंड, ध्यानात ठेवजो. सी द पॉइंट, मुद्दा समजला.

यशोदा : बाप्पा! चौथीतच शाळा सोडली म्हणते हा माणूस.

मीरा : आता मी साहेब. नीट बसा. उद्या मुलाखत घेनारा साहेब मद्रासी आहे, मराठी त सोडाच, हिंदीही समजत नाई त्याले. स्टोअरमनची जागा एक अन् जानारे अकरा.

यशोदा : ध्यानात ठेवा. बारा वर्सं पेट्या वाहून पाठ गेली तुमची. सकाळी उठाले मले हात द्या लागते. ही जागा गेली त पाठीवरचं ओझं मरेपर्यंत उतरत नाई.

मीरा : मिस्टर प्रेमदास, लॉरी हॅज कम. इट इज रेनिंग. पेट्या उतरवायच्या का नाई? व्हाट डू यू थिंक?

प्रेमदास : यस सर.

मीरा : यस सर काय? मी विचारलं, तुमाले काय वाटते.

प्रेमदास : ॲज यू थिंक, सर.

मीरा : बाबा! साहेबाले काय वाटते ते साहेबाले ठाव आहे. तुमाले काय वाटते? आय थिंकपासून सुरू करा. आय!

प्रेमदास : आय... आय थिंक, ॲज यू थिंक, सर.

मीरा : घ्या! आता मी डोकं कुठं आपटू?

यशोदा : मी इतकी वर्सं आपटून राह्यली. भाजी कोनती करू म्हटलं, तू म्हणशीन ते. पोरीचं नाव काय ठेवू, तू म्हणशीन ते. ह्या माणसाच्या मनात काय हाय, मले अजून पत्ता नाई!

प्रेमदास : तुमी दोघी मायलेकी माझ्याच मागं काऊन लागल्या? साहेब सांगते, हमाल उचलते. त्याच्यात हमालाचं मत कुठून आलं?

मीरा : उद्या तुमी हमाल म्हणून नाई चालले!

प्रेमदास : एकदा सांगतलं होतं मत.

मीरा : कोनाले?

प्रेमदास : मालकाले. तू झाली नव्हती. कापूस भरून येत होतो. नाल्याचं पानी चढून राह्यलं होतं. म्या म्हटलं, मालक, घडीभर थांबू. थो म्हणे, तुले कोनं विचारलं रे? हाक गाडी. हाकली. कापूस गेला, धवळ्या गेला.

यशोदा : धवळ्या? मले त तुमी साप चावला म्हणून सांगतलं होतं!

प्रेमदास : काय सांगू? गाडी त म्याच हाकली न.

यशोदा : अन् एवढी वर्सं एकटेच घेऊन बसले. बोलत काऊन नाई हो तुमी? राग येते मले तुमचा, खरंच राग येते.

मीरा : बाबा, उद्या थो साहेब खुर्ची टाकून बसणार आहे, कायसाठी? तुमाले विचाराले. जन्मात पयल्यांदा कोनी विचारून राह्यलं, अन् तुमी त्यालेच उलटं विचारता! का उद्याही नाल्यात गाडी हाकता?

प्रेमदास : (सरळ होऊन बसतो.)

मीरा : बोला. लॉरी हॅज कम. इट इज रेनिंग. व्हाट डू यू थिंक, मिस्टर प्रेमदास?

प्रेमदास : आय... आय हॅव गिव्हन इट अ थॉट, सर. वेट. घडीभर. फर्स्ट कव्हर द लॉरी. रेन स्टॉप, देन अनलोड. आय थिंक.

मीरा : अन् साहेब म्हणाला, नो, अनलोड नाऊ?

प्रेमदास : नो सर. आय हॅव मेड अप माय माइंड.

यशोदा : अगं माय! थोडं कमी बोलाले शिकव वं त्याइले, नोकरी लागायच्या पयलेच जाईन.

मीरा : जाऊ दे, माय. बोलले न! सकाळपासून घसा बसला माझा. मिटू आता वही?

प्रेमदास : थांब पोरी, मिटू नको. आनखी एकदा विचार. कोनी विचारलं त बरं वाटते.