बोधिवृक्षाखालची तोटी

गुरुजी : ज्या तोटीवरून ते फडके सोडवलेस, तिथे ते पूर्ववत् बांध, अस्मिता. इतक्या वर्षांनी बापाच्या दारात पाऊल टाकलेस आणि नमस्काराआधी हात घातलास तो तुझ्या आईच्या झऱ्याला.

अस्मिता : हा झरा नाही, बाबा. गळती आहे. वर तुमचं तळं, मध्ये मातीचा बांध आणि बांधाच्या पायथ्याशी ही तोटी. पाणी दुसरं कुठून येणार?

गुरुजी : पाटबंधारे खात्यात नोकरी लागली म्हणून प्रत्येक थेंबाचे कुळ तुला ठाऊक झाले काय? आईने बांधावर बोधिवृक्ष लावला आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात इथे पाणी पाझरू लागले. तेव्हा ती अंथरुणावर होती. खिडकीतून बोट दाखवून म्हणाली, बघा, पाणी आले.

चेतन : ताई, जरा हळू बोल ना. वरती बोटिंगची पब्लिक आहे. उल्हासनगरचा अर्धा कॅम्प दोन आलाय आज, बायकापोरं घेऊन. कोणी ऐकलं तर उगाच लफडा.

अस्मिता : बरं झालं, तू इथेच आहेस. सांडव्यात वाळूच्या गोण्या कोणी रचल्या?

चेतन : सांडवा बोले तो?

अस्मिता : जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट. बांधाच्या त्या टोकाला. धरण चालवतोस आणि एवढंही माहीत नाही?

चेतन : अच्छा, ते नाला टाइप. मीच रचल्या. पाणी उतरलं की बोटी चिखलात बसतात, मग धक्का कोण मारणार, तू? आणि मी धरण नाही चालवत. रिसॉर्ट चालवतो. काकांनीच दिलाय चालवायला.

गुरुजी : मीच दिला. पोटची लेक परतून बघत नव्हती. धाकट्या भावाचा मुलगा दुकान सोडून माझ्यापाशी येऊन राहिला.

अस्मिता : लेकीला फाटकाबाहेर तुम्ही काढलंत, बाबा. ते राहू दे. हे फडकं कशाला बांधलंय?

गुरुजी : दुरून आलेल्या लोकांना गाळीव पाणी मिळावे म्हणून. बुवापाड्यातून, उल्हासनगरातून माणसे येतात, बाटल्या भरून नेतात. मी कोणालाही त्याला तीर्थ म्हणू दिलेले नाही. फलकावर केवळ ‘बोधिनिर्झर’ एवढेच कोरले आहे.

अस्मिता : आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला आणि सगळी तीर्थं सोडली. तुम्ही गळतीला दगडी कुंड बांधलंत, वर फलक लावलात. फरक काय राहिला?

गुरुजी : जिभेला आवर घाल.

अस्मिता : आवर घालूनच बोलतेय. आमच्या ऑफिसातल्या प्रगतीने मला या पाण्याची बाटली आणून दिली. तुमच्या बाबांकडचं आहे म्हणे, घरी ठेवा. टेबलावर ठेवली. संध्याकाळी बघते तर तळाशी तांबडा गाळ. चेतन, फडकं कधीपासून बांधतोयस?

चेतन : पाऊस चालू झाला तेव्हापासून. पाणी थोडं चहासारखं यायला लागलं होतं.

गुरुजी : हे तू मला सांगितले नाहीस.

चेतन : तुम्ही टेन्शन घेता, काका. रात्रभर फेऱ्या मारत बसता. मी बोललो, छोटी गोष्ट आहे, कापड लावलं, झालं सॉल्व.

अस्मिता : कापड किती वेळा बदलतोस?

चेतन : आधी आठवड्याला बदलायचो.

अस्मिता : आणि आता?

चेतन : आता रोज. परवापासून दोनदा. जाम होतं ना.

अस्मिता : बाबा, हात पुढे करा. पिळते मी हे. काय आहे तळहातावर?

गुरुजी : माती.

अस्मिता : कुठली? आपल्या ओढ्याची माती काळी. शेताची काळी. ही कुठून आली?

गुरुजी : ही टेकडीवरची आहे.

अस्मिता : टेकडीवरची तांबडी माती तुम्ही कशासाठी आणली होतीत?

गुरुजी : बांधासाठी. तुझी आई प्रत्येक ट्रॅक्टरपाशी उभी राहून ढेकळे फोडून पाहत असे.

अस्मिता : मग आता फडक्यात काय गोळा होतंय, ते मी सांगायला नको. स्वच्छ पाणी झिरपलं असतं तर मीही घाबरले नसते. बांधाला आतून भोक पडतंय आणि रोज मोठं होतंय. हे फडकं त्या भोकाला नाही, आपल्या डोळ्यांना बांधलेलं आहे.

चेतन : ए, डायलॉग नको मारू. सरळ बोल, तुला झाड पाडायचंय. रोप कमरेएवढं होतं तेव्हापासून तू त्याच्या मागे लागलीयस.

गुरुजी : त्याचा प्रश्न अस्थानी नाही. तेव्हा तू मला म्हणाली होतीस, रोप उपटा. तुझ्या आईच्या अस्थी त्याच्या मुळाशी विसावल्याला महिनाही झाला नव्हता. आज करवत गाडीत ठेवून आली आहेस काय?

अस्मिता : तेव्हा उपटून शेजारच्या माळावर लावता आलं असतं. बांधावर मोठं झाड नको, एवढंच म्हणत होते. मुळं मातीत वाटा पाडतात आणि पाणी त्या वाटेने येतं. तुम्ही मला आईची वैरीण म्हणालात, भावकीसमोर.

गुरुजी : म्हणालो.

अस्मिता : आज झाड तोडायचं नाही. आता तोडलं तर मुळं आत कुजतील आणि प्रत्येक मुळाची नळी होईल. झाड राहू दे. तळं जाऊ दे.

चेतन : तळं जाऊ दे? बोलायला काय जातंय तुझं! पहिली तारीख आली की पगार येतो. मी बोटी काय गटारात चालवू? पप्पांना बोलून आलोय, तुमच्या गल्ल्यावर पुन्हा बसणार नाही. आता कोणत्या तोंडाने जाऊ कॅम्पात?

अस्मिता : खाली वाडी आहे, चेतन.

चेतन : मला दिसतेय वाडी.

अस्मिता : मग गोण्या रचताना का नाही दिसली? तहसीलची माणसं निघालीयत. येतानाच फोन केला मी.

चेतन : कंप्लेंट केलीस? आपल्याच माणसाची? ऐका काका, ऐका. ही तुमची लेक.

गुरुजी : माझ्याशी एक शब्द न बोलता?

अस्मिता : हो. तुम्ही ऐकाल असं वाटलं नव्हतं.

गुरुजी : त्यात तुझी चूक नाही. चेतन, बोटी काठाला लाव. माणसांना वर रस्त्याकडे ने, बांधावर कोणालाही पाय ठेवू देऊ नकोस. नंतर गोण्या काढ.

चेतन : काका, ही सुट्टी तरी जाऊ द्या. उद्या रात्री काढतो ना, आईशप्पथ.

गुरुजी : मी तुला विचारले नाही.

अस्मिता : गोण्या एकदम नको काढू. एकेक काढ. ओढ्याला लोंढा यायला नको. तळं उपसायला पंप लागतील, त्यांचं मी बघते. पण त्याआधी वाडी हलली पाहिजे. मी जाते खाली.

गुरुजी : तू जाऊ नकोस. तुला तिथे कोणी ओळखत नाही.

अस्मिता : आणि तुमचं ऐकतील?

गुरुजी : ऐकावे असे मी काही केलेले नाही. तरी मीच जातो.

(ओढा ओलांडताना गुरुजींचे धोतर गुडघ्यापर्यंत भिजले. वाडीतल्या पहिल्या घराच्या पडवीत राजाबाई चुलीसाठी काटक्या मोडत बसली होती. त्यांना पाहून ती उठली नाही.)

राजाबाई : फाटकाच्या भायेर कसं काय आलात, गुर्जी? वाट चुकली?

गुरुजी : वाट चुकली नाही, राजाबाई. जे कोणी घरात असेल त्याला घेऊन या क्षणी वाडी सोडा.

राजाबाई : असं होय. तल्याला जागा कमी पडली वाटतं.

गुरुजी : जागा नको. बांध आतून पोखरला आहे. केव्हा सुटेल याचा भरवसा नाही.

राजाबाई : गेल्या साली म्या इचारलं तवा काय बोललात? बांध माज्यापक्षी जास्त जगंल. समद्या वाडीम्होरं बोललात. वर बोललात, बाई, तुला काय कलतं त्यातलं.

गुरुजी : बोललो खरे. ते असत्य ठरले.

राजाबाई : तुमचं असत्य ठरतं आनि पलायचं आमी. कुठं जायाचं पावसात? रानात?

गुरुजी : माझ्या घरी. ते उंचावर आहे.

राजाबाई : तुमच्या फाटकावर तो पोरगा आमाला तिकीट इचारतो. सरपन न्यायाची वाट होती आमची तिथून.

गुरुजी : फाटक उघडे टाकून आलो आहे. आता तिथे कोणी काही विचारणार नाही.

राजाबाई : शेजारच्यांना हाक मारते, पोरं जातील त्यांच्यासंगं. पन आमची मोतीबाई आतमधी पडलीय, सासू माजी. तिला चालवत नाय. गडी समदे बदलापूरला मजुरीला गेलेत. कोन उचलनार तिला?

गुरुजी : मी आहे ना.

राजाबाई : तुमी? सोताचे पाय बघा कसे लटपटतात ते.

गुरुजी : म्हणून तर म्हणतो, एका बाजूने तुम्ही धरा.