वीतभर राखाडी

— दार आधी पूर्ण लोटा, बाई. वर्ख आहे हा. श्वासानंसुद्धा उडतो, आणि तुम्ही तर हार्लिंगेन बंदरातला सगळा वारा पाठीशी घेऊन आत आलात. हां. बसा — त्या खुर्चीवर नको, तिथं सरस सांडलाय — स्टुलावर बसा. तर चौकटीचा कोपरा सुटलाय, एवढंच ना? होईल. शनिवारी तुमच्याकडे प्रदर्शन, शुक्रवारी घेऊन जा. ही चौकट माझ्या वडिलांनी कोरलेली आहे, हिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालणार नाही. चित्र चौकटीतून काढून त्या टेबलावर ठेवलंय, ते आजच न्या. — काय? या चित्रावर पुस्तकात लिहिलंय ते वाचून दाखवायचंय? मला? मी सहावीत शाळा सोडलेला माणूस. — हो, रिक्स्ट बाउमाला ओळखणारा मी एकटा उरलोय, हे खरं. वीस वर्षं तिच्या चित्रांना चौकटी केल्या. मार्चमध्ये तिला पुरलं तेव्हा तिथं आम्ही चौघं होतो, त्यातला एक खड्डा खणणारा. आता तुम्हाला तिच्यासाठी तीन दालनं पुरत नाहीत. असो.

वाचाल. आधी एक सांगा — चित्र बघता कसं? चित्रापाशी चष्मा नेऊन? तसं नाही. ते उलटं करा. पालथं नव्हे, डोकं खाली. आता चित्रातली बाई दिसत नाही, बंदराचा धक्का दिसत नाही, गोष्ट गेली. राहिलं काय? एक काळा उभा आकार, एक आडवी रेघ, बाकी राखाडी. आता डोळे बारीक करा — आणखी — शाळेतल्यासारखं हसू नका, करा. उजेड कुठं, अंधार कुठं, वजन कुठं? सगळं एका अंगाला. बरोबर. तराजूच्या एकाच पारड्यात माप टाकावं तसं. आणि रंग? सगळे थंड. पाण्याचा, चिखलाचा, शिशाचा. ऊबदार रंग एक तरी सापडतो? — नाही ना? — बघा नीट. — नाही. कसा असेल.

सरळ करा. हं. वाचा आता.

— 

— पुन्हा वाचा. शेवटचं. — ‘या बाईच्या चेहऱ्यापुढेच चित्रकर्तीनं चित्राची कड आणून भिंतीसारखी उभी केली. इथून तिच्या चित्रांतली मोकळी जागा संपते. ज्या मनाला वाट पाहण्यात अर्थ उरला नाही, त्या मनाचा हा पुरावा.’ — छान लिहिता. कधी छापणार हे? आज दुपारी? आजच? — नाही, मला काय बोलायचं असणार. पुस्तक तुमचं. कॉफी घ्या. थंड आहे, पण आहे.

— मन कुठून आणलंत पण? मन तुम्हाला कुठं दिसलं त्यात? मला कड दिसते. मी कडांचाच माणूस आहे, पन्नास वर्षं मी फक्त कडा बघतोय. ही वरची कड बघा, कॅनव्हास मागं दुमडलाय तिथं तो कोरा आहे. खालीही कोरा. डावीकडेही. आता उजवीकडे बघा. दिसलं? तिथं रंग मागं वळलाय. राखाडी रंग खिळ्याच्याही मागं गेलाय. कोणता चित्रकार खिळ्यामागं रंगवत बसतो?

कापलंय ते. वीतभर. नोटरी फान स्लोटेननं कापायला लावलं — मेला तो, विचारायला जाऊ नका. चौऱ्याहत्तर साल. त्यानं रिक्स्टकडून हे चित्र घेतलं आणि त्याच्या दिवाणखान्यातली ही चौकट घेऊन माझ्याकडे आला. आजोबांची तसबीर होती हिच्यात, ती ओलीनं सडली होती. म्हणाला, डाउव, हे ह्यात बसव. चित्र रुंद, चौकट अरुंद. काय करणार? गिऱ्हाईक सांगेल ते —

नाही.

तो तसं म्हणालाच नाही. लिहू नका अजून, ऐका. तो म्हणाला, “चौकट वाढव, लाकडाचा जोड दे, मला चालेल.” सरळ माणूस होता. मीच म्हणालो, वडिलांच्या कोरीवकामात मी जोड घालणार नाही. जोड दिसतो. कितीही वर्ख लावा, जाणत्याला दिसतो, आणि तो म्हणणार, हिलारिडेसच्या पोराला चौकट जमली नाही. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. दुकानाच्या बोर्डावर त्यांचंच नाव होतं, अजून तेच आहे. मग मी चित्राकडे बघितलं — तेव्हा मीही तुमच्यासारखाच बघायचो, बाई कुठंय, धक्का कुठंय — आणि उजवीकडे काहीच नव्हतं. नुसतं राखाडी. ओहोटीचा चिखल आणि पाणी. म्हटलं, रिकामं तर आहे, काय जातंय कुणाचं? मोजपट्टी ठेवली आणि सुरी ओढली. एका दमात. कड अजून बघा किती सरळ आहे ती.

रिक्स्ट नोटरीकडे बघायला आली. मीही होतो तिथं, हातात हातोडी घेऊन. ती चित्रासमोर उभी राहिली. मला वाटलं ओरडेल, मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती एवढंच म्हणाली, “चौकट सुंदर आहे, हिलारिडेस.” टोमणा होता का खरंच म्हणाली, मला आजही सांगता येत नाही. आठवड्यानं दुकानात आली. खिशात मोजायची टेप. म्हणाली, “यापुढं तुम्ही आधी चौकट करा. मग मी त्यात मावेल एवढं काढीन.” आणि तसंच केलं. वीस वर्षं. चौकट न्यायची, काठोकाठ भरायची. घरं, जाळी, माणसं, माशांच्या टोपल्या — बोट ठेवायला जागा नाही. तुम्ही म्हणता, वाट पाहण्यात अर्थ उरला नाही. अहो, तिला एवढंच कळलं होतं, की रिकामं ठेवलं तर गावातला सुतार कापतो.

माझ्याच मनानं कापलं, हे नंतर तरी सांगितलं का, विचारताय. कुणाला? ती दर वेळी समोर उभी असायची. ती विचारायची नाही, मी बोलायचो नाही. वीस वर्षं तिच्या प्रत्येक चौकटीला सोनं असं लावलं, की तसं मी कुणाला लावलं नाही. त्यानं काय होतं.

उठा. तो खालचा खण ओढा. अडकतो, जरा उचलून ओढा. गुंडाळी आहे, मेणकागदात. — मीच ठेवली. का म्हणजे? कापलं त्या संध्याकाळी टाकायला निघालो होतो. राखाडीत एक ठिपका दिसला, मोहरीएवढा. वाटलं माशीची घाण. नखानं खरवडला. निघेना. ओला बोळा लावला, निघेना. उजेडात नेला — तांबडा. रंगवलेला होता. होडी असेल. पक्षी असेल. मला माहीत नाही, मी विचारलं नाही. पण सबंध चित्रात ऊबदार असा तो एकच ठिपका, आणि मी तो खणात घातला.

उलगडा. हळू, रंग तडकलाय. चित्राच्या उजवीकडे लावा. — तुम्हीच लावा. मी हे दोन्ही एकत्र कधी बघितलेलं नाही. चित्र नोटरीकडे, हे इथं. कड कडेला लागली? रेघ जुळली?

— हं.

ती बाई कुठं बघत होती, ते बघा. एवढंसं टिंब, आणि पारडं सरळ.

पुस्तकात काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा. माझं नाव घालणार? घाला. सगळं घाला, सुरीसकट. पण नोटरीला मधे आणू नका. आडनाव कसं लिहायचं ते बाहेर बोर्डावर आहे.

ही पट्टी न्या. चौकट राहू दे इथंच. — शुक्रवारीच देईन, सांगितलं ना. फक्त कोपऱ्याचं काम नाही आता. हिला मधोमध चिरून जोड द्यायचाय, वीतभर. खाली एक, वर एक. — हो, वडिलांचीच. माहीत आहे मला कुणाची आहे ते. — दिसणार जोड. कितीही वर्ख लावला तरी दिसणार.

दिसू दे.

ती करवत द्या इकडे, भिंतीवरची, मोठी नव्हे — ती. आणि आता निघा. दार हळू लावा.