भरत चाललेली टाकी

सोराइदा : बासिलियो, तो पेट्रोलचा काटा वर चाललाय.

बासिलियो : चालणारच!

सोराइदा : अरे, वर म्हणजे भरलेल्याकडे. माझ्या दारातून निघालो तेव्हा भरलेल्याच्या जरासा अलीकडे होता. तुझ्या गाडीत पेट्रोल जळतं की पिकतं?

बासिलियो : पिकतं! तोंडात साखर पडो तुझ्या. विल्फ्रेदो, ऐकलंस? हिनेसुद्धा पाहिलं!

विल्फ्रेदो : मी काय सांगत होतो, दादा? वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही.

सोराइदा : वहिनी म्हणू नकोस. अजून देवळात पोचायचंय. आणि मागे नीट बस बघू, झग्याचा घोळ चुरगळतोयस. उभी हवाना बघणार आहे मला आज.

विल्फ्रेदो : हा घोळ आहे की जहाजाचं शीड? माझ्या नाकातोंडात जातोय.

सोराइदा : जाऊ दे. बासिलियो, माझी अट लक्षात आहे ना?

बासिलियो : झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. दारापासून देवळापर्यंत गाडी नीट न्यायची. तुला ढकलायला लागली, की लग्न रद्द.

सोराइदा : रद्द म्हणजे रद्द. मागच्या वेळी खाडीखालच्या बोगद्यात ढकललीय मी ही म्हैस. नवे बूट घालून! मागे बसगाड्यांचे भोंगे आणि पुढे तू, खिडकीतून हात काढून "शाबास सोराइदा, अजून थोडं!"

बासिलियो : उत्तेजन देत होतो, राणी.

सोराइदा : या वयात मला नवरा हवाय, उत्तेजन नकोय. आता सांग, काटा वर का जातोय?

बासिलियो : सांगतो. पण हसायचं नाही. मी कोब्रेच्या दयामातेपुढे सूर्यफुलं ठेवली. म्हटलं, आई, सोराइदेला देवळापर्यंत नेण्यापुरतं पेट्रोल राहू दे, जास्त मागत नाही. पंपावर रात्र काढून टाकी भरून आणली. बघतो तर काटा तळाला! पंपवाल्याशी असा भांडलो! म्हटलं, देवाधर्माच्या कामाचं पेट्रोल चोरतोस?

विल्फ्रेदो : त्याच्या आजीपर्यंत गेला होता दादा.

बासिलियो : गेलो होतो. मग घरी आलो, तर समोरच्या एनेइदाबाईंच्या लेकीला कळा सुरू झालेल्या आणि त्यांच्या जावयाच्या, रामिरोच्या मोटारसायकलीत थेंब नाही. आता गर्भार बाईला काय काटा दाखवायचा? नळी घातली, बाटली भरून दिली. परत येऊन बघतो, तर काटा वर!

सोराइदा : वर?

बासिलियो : वर! अंगावर काटा आला माझ्या. दुसऱ्या दिवशी पाववाल्याने मागितलं. त्याला दिलं. आणखी वर! मग वाजंत्रीवाले आले. अगं, मी देतोय आणि आई भरतेय! शेवटी फादर आन्सेल्मोंच्या स्कूटरलासुद्धा घातलं.

सोराइदा : म्हणजे आज फादर वेळेवर पोचणार.

बासिलियो : सगळेच वेळेवर पोचणार! दिल्याने कमी होत नाही, हे लहानपणापासून देवळात ऐकत आलो. पण डॅशबोर्डवर उमटलेलं कुणी पाहिलंय?

विल्फ्रेदो : दादा, गाडीने आत्ता आचका दिला का?

बासिलियो : आनंदाने दिला असेल.

सोराइदा : आता शिंकली.

विल्फ्रेदो : आता गप्प झाली.

(समुद्रकाठच्या कठड्याशी गाडी हळूच थांबते. कठड्यावर गळ टाकून बसलेली माणसं आणि त्यांच्याशेजारचा एक तुतारीवाला वळून बघतात. काटा भरलेल्यावर टेकलेला.)

सोराइदा : झालं! पेट्रोल संपलं.

बासिलियो : कसं संपेल? हा बघ काटा. आत्ताच तर टाकी पूर्ण भरली!

सोराइदा : रस्त्यात उभ्या गाडीत बसून माणूस बोलतोय, टाकी भरली म्हणून. अरे, काठी घालून बघ ना आत.

विल्फ्रेदो : काठी जात नाही. टाकीची मान वाकडी आहे. मला वाटतं कार्बोरेटरमध्ये कचरा आला.

बासिलियो : नाहीतर प्लग. या गाडीला प्लगची खोड आहे.

सोराइदा : दोघंही बाजूला व्हा. विल्फ्रेदो, तो बूट दे माझा. हं. टाच टाकीवर ठोकते, ऐका आता. टक... टक... टक. कळलं? भरलेली टाकी अशी वाजते? ही तर रिकाम्या घागरीसारखी बोलतेय.

विल्फ्रेदो : आवाज पोकळ आहे खरा.

बासिलियो : काटा खोटं बोलेल का?

सोराइदा : बूट खोटं बोलेल का? हा काटा पूर्वी असा नव्हता. गोल, पिवळट होता. हा चौकोनी कुठून आणलात?

विल्फ्रेदो : ती माझी लग्नाची भेट.

सोराइदा : काटा?

विल्फ्रेदो : अख्खा मीटर. जुन्याची खाऱ्या वाऱ्याने अक्षरं उडाली होती. शेजारच्या मोडीत काढलेल्या रशियन गाडीतून हा काढला. तीन रात्री कानस घासली तेव्हा त्या भोकात बसला. म्हटलं, नवरी बसणार, समोर काहीतरी देखणं हवं.

सोराइदा : अमेरिकन गाडी आणि रशियन मीटर! दोघांची ओळख तरी करून दिलीस का?

विल्फ्रेदो : थांब. थांब, थांब, थांब. मी डिकीत शिरतो आणि टाकीवरची वायर काढतो. तू काट्याकडे बघ. दादा, तू फक्त चावी फिरवून ठेव आणि प्रार्थना कर.

बासिलियो : चालूच आहे.

विल्फ्रेदो : वायर काढली! काटा कुठेय?

सोराइदा : पडला. धाडकन. रिकाम्यावर.

विल्फ्रेदो : नीट बघ! या गाडीत वायर काढली की काटा वर उडतो. आयुष्यभर पाहिलंय मी.

सोराइदा : माझे डोळे लग्नासाठी रंगवलेत, फुटलेले नाहीत. खाली आहे म्हणजे खाली आहे.

विल्फ्रेदो : आता वायर पत्र्याला टेकवतो. आता?

सोराइदा : वर! एका उडीत! भरली.

विल्फ्रेदो : अरे देवा.

बासिलियो : काय झालं? डिकीतून बोलू नकोस, बाहेर येऊन बोल.

विल्फ्रेदो : नको, मी इथेच बरा आहे. दादा, या टाकीतला फ्लोट, तो पेट्रोलवर तरंगणारा गोळा, अमेरिकन. टाकी रिकामी झाली की तो तळाला बसतो आणि वायर पत्र्याला टेकवल्यासारखी होते. जुना मीटर त्याला रिकामी म्हणायचा. हा रशियन मीटर त्यालाच भरली म्हणतो.

सोराइदा : म्हणजे उलटा!

विल्फ्रेदो : पार उलटा. टाकी जितकी आटेल, तितका काटा वर.

बासिलियो : या दोन देशांचं कधी एका गोष्टीवर पटलंय का! आणि ते भांडायला माझ्याच गाडीत यायचं होतं?

सोराइदा : अरे बापरे... म्हणजे तू नळी घालून पेट्रोल काढलंस...

विल्फ्रेदो : ...म्हणून काटा वर गेला.

सोराइदा : आणि वर गेला म्हणून याने अजून काढलं! पाववाल्याला! वाजंत्र्यांना! फादरना! अरे, सांभाळा कुणीतरी, माझा झगा उसवेल हसून हसून!

विल्फ्रेदो : आणि ज्या दिवशी टाकी खरोखर भरलेली, त्या दिवशी पंपवाल्याच्या आजीचा उद्धार!

बासिलियो : हसा. हसा दोघं. त्या बिचाऱ्याच्या पाया पडायला जाईन उद्या. पण माझं काय? सगळी वरात देवळात, माझ्याच पेट्रोलवर पोचलेली. आणि नवरा-नवरी इथे, मासे धरणाऱ्यांत.

सोराइदा : ती एनेइदाबाईंची लेक? तिचं काय झालं?

बासिलियो : मुलगी झाली. वाटेत थोडी घाई झाली, पण दवाखान्यात पोचले. दोघी खुशाल आहेत.

सोराइदा : रामिरोला ती बाटली मिळाली नसती तर?

बासिलियो : तर कोण जाणे. सोराइदा, खरं सांगू? काटा खाली गेला असता तरी त्या बाटलीपुरतं दिलंच असतं मी. पुढच्यांना कदाचित नसतं दिलं. मोह झाला. म्हटलं, आई एवढं भरतेय तर आपण का आखडायचं? आता तुझी अट मोडली. देऊळ दोन गल्ल्या पुढे आहे, पण तू घरी जा म्हणालीस तर मी शब्द काढणार नाही.

सोराइदा : अट काय होती? नीट म्हणून दाखव. झोपेत म्हणतोस ना?

बासिलियो : दारापासून देवळापर्यंत... तुला ढकलायला लागली, की लग्न रद्द.

सोराइदा : मी ढकलतेय का?

बासिलियो : नाही.

सोराइदा : मग सरक तिकडे. उतर खाली.

बासिलियो : उतरू? स्टिअरिंग कोण धरणार?

सोराइदा : हे बघ, धरलं. विल्फ्रेदो, डिकीतून बाहेर ये आणि उजवीकडून लाग. अहो, गळवाले! मासे कुठे पळत नाहीत. चौघं या इकडे, लग्नाचं जेवण आहे! तो तुतारीवाला पण येऊ दे. नाही ढकललंस तरी चालेल, तू वाजव.

विल्फ्रेदो : दादा, तिने गिअर पण काढला बघ. हिला येतं की!

बासिलियो : तुला गाडी चालवता येते? मग आजवर बोलली का नाहीस?

सोराइदा : तू कधी विचारलंस? चल, कोटाच्या बाह्या वर कर. खांदा लाव.

बासिलियो : शाबास सोराइदा! बघ, चालली! चालली गं, आई!

सोराइदा : बोलू नकोस, धाप लागेल. आणि दमलास तर सांग. मी थांबेन.