कुलुपातला टेपरेकॉर्डर

आजही आठवलं का डोस्कं तापते राजेहो. ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. अड्याळकडच्या एका शाळेत मी कवायत शिकवत होतो. पोरांनी गाण्यावर कवायत करावी म्हणून वरून टेपरेकॉर्डर आला. हेडमास्तरनं हार घालून त्याची पूजा केली अन् कपाटात कुलूप लावून ठेवला. वर्षभर मी टिनाचा डबा बडवून कवायत घेतली.

तपासणीले सायेब आले. हेडमास्तर छाती फुगवून म्हणे, "सायेब, एकाही पोराचा हात लागू देल्ला नाही!"

मी भडकलो. "मंग आणला कायले?"

सायबानं माह्याकडे पाह्यलंच नाही. 'उत्तम निगा' असा शेरा लिहून गेला.

महिन्याभरात बक्षीस म्हणून दुसरा टेपरेकॉर्डर आला. हेडमास्तर मले म्हणे, "गुरुजी, कपाटातल्या तुमच्या लेझमा बाहेर काढा. जागा पायजे."