इटलीतला हॉर्न

तुमी हसाल, पण मला अजून लाज वाटते. आमच्या तेर गावच्या रस्त्यावरची हॉर्नची सवय इटलीत भाड्याच्या गाडीतही सुटली न्हाय. पुढं एक म्हातारा हळू गाडी चालवत होता, म्या हॉर्न दाबूनच धरला. तो गाडी थांबवून काचेशी आला. इंग्रजीत म्हणला, "कुणी आजारी आहे का?"

ओशाळून म्या मागं बसलेल्या वडलांकडं बोट केलं. "यांच्या छातीत दुखतंय."

त्यानं पुढं होऊन आमाला थेट दवाखान्यात नेलं. व्हीलचेअर आली.

"अण्णा, जरा कण्हा," मी कुजबुजलो.

अण्णांनी म्हाताऱ्याला हात जोडले. "मला काय झालं न्हाय. पोरगं खोटं बोललं."

म्हाताऱ्याला मराठी कळंना. तो अण्णांचे हात धरून मलाच धीर देऊ लागला.

अण्णा म्हणले, "सांग त्याला इंग्रजीत."

सांगावं लागलं.