पिस्टनच्या कारखान्यात फिरतं इंजिन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक माननीय भिवाजीराव, कासार आंबोलीहून आवर्जून आलेले अण्णासाहेब, आज निवृत्त होणारे, हारामागे लपून बसलेले आपले सत्कारमूर्ती नरहरी टेंभेकरसाहेब, आणि पहिली पाळी संपवून थेट इथे आलेल्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

तपासणी विभागातली मी, रजनी. मला दोनच मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे, आधीच सांगून ठेवते.

पिरंगुटच्या या कारखान्यात आपण काय बनवतो? पिस्टन. आणि साहेबांचा जीव कशावर? ज्यात पिस्टनच नाही, त्या रोटरी इंजिनावर! त्यात वरखाली काही धावत नाही. तीन कोपऱ्यांचा एक लोखंडी तुकडा, म्हणजे रोटर, बंद डब्यात गोल फिरतो, बस्स. प्रत्येक नव्या माणसाला साहेबांनी हे कँटीनमध्ये ताटलीत समोसा फिरवून शिकवलं. तो समोसा नंतर कुणी खायचा, यावरून भांडणं झाली आहेत.

हे इंजिन एका जर्मन माणसाच्या डोक्यातून निघालं. चौसष्ट साली त्याची पहिली गाडी बाजारात आली. मोठमोठ्या कंपन्यांनी हौसेने हात घातला आणि बहुतेकांनी काढूनही घेतला. कोपऱ्यांवरची सील झिजायची, पेट्रोल तर विचारूच नका. मझदावाले जपानी तेवढे हट्टाने टिकले. एक्याण्णव साली फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत त्यांनी याच इंजिनावर जिंकली, आणि साहेबांनी पेढे वाटले. पिस्टनच्या कारखान्यात! भिवाजीरावांनी पेढा आधी खाल्ला, कारण नंतर विचारलं.

खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो. साहेब त्यात आपला लाकडी रोटर हळूच ठेवायचे. पहिल्या वर्षी आपल्या साळूबाई हळदकुंकू घेऊन थबकल्या. "साहेब, ह्यो कुटला देव? ह्याला तीनच कोपरं हायेत!" साहेब म्हणाले, "नवा आहे. अजून कुणाला पावला नाही."

आणि खरंच सांगते, त्यांनाही पावला नव्हता. साहेबांनी हे इंजिन चालू असलेलं आयुष्यात एकदाही ऐकलेलं नाही. अण्णासाहेबांच्या थोरल्या भावाने परदेशातून आणलेली तशी एक गाडी त्यांच्या बंगल्यात ताडपत्रीखाली पडून होती. दर दसऱ्याला साहेब तिथे जायचे, बॉनेट पुसायचे, झेंडूची माळ घालून परत यायचे. किल्ली कधी मागितली नाही. मी एकदा विचारलं, का हो? तर म्हणाले, "नाहीच चालू झाली तर? मग कँटीनमध्ये कुठल्या तोंडाने समोसा फिरवू?" मला तेव्हा फार वाईट वाटलं.

म्हणून गेल्या महिन्यात, साहेब, तुम्हाला न सांगता आम्ही किल्ली मागितली. अण्णासाहेबांनी ती हसत दिली. आपल्या फोरमन जयसिंगरावांनी नवी बॅटरी टाकली, टाकी धुतली, ताजं पेट्रोल भरलं, आणि गाडी चालू झाली! मग त्यांनी काय केलं? आपण सगळे पिस्टनवाले करतो तेच. आवाज ऐकला, खूश झाले, लगेच बंद केली. झालं! पुन्हा चालू होईना. "म्याडम, ही लई रुसली वं." हे इंजिन थंड असतानाच बंद केलं, की आतून पेट्रोलने भिजून बसतं. ते आधी चांगलं गरम होऊ द्यावं लागतं, हे आम्हाला कुठलं माहीत? अख्खा रविवार प्लग उन्हात वाळत होते.

साहेब, जयसिंगरावांची खुर्ची रिकामी का, असं मघापासून बघताय ना? मी बोलायला उभी राहिले, तेव्हाच त्यांनी या दाराबाहेर ती गाडी चालू केली. खडखड नाही, थरथर नाही, असं तुम्हीच सांगायचात. पंख्यांच्या घरघरीत कुणाला पत्ता तरी लागला का?

अण्णासाहेबांचे, अध्यक्षांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. भाषण लांबलं, अधिकउणं बोलले असेन, तर पोटात घाला. इंजिन गरम व्हायला तेवढा वेळ हवाच होता.

अध्यक्षमहाराज, परवानगी असावी. अरे, कुणीतरी पंखे बंद करा.

साहेब, ऐका.